मुळातला प्रमोटर नेमका कुठल्या पेशीत चालतो, ते कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सोडियमच्या ट्रान्सपोर्टरचा एक जीन हातात आहे, अख्ख्या मुळाचा आरएनए काढून क्यूपीसीआर (एखाद्या जीनचा आरएनए किती आहे ते मोजायची पद्धत) केलं तर मिठाच्या ट्रीटमेंटमध्ये काहीच फरक दिसत नाही, ३५एस प्रमोटर (प्रमोटर म्हणजे जीन कुठे आणि किती वाचला जाईल ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) लावून सगळ्या झाडात चढवला तर झाडं मिठात आधीपेक्षा जास्त पिवळी पडली, आणि आता गाईड म्हणतात की रूट-स्पेसिफिक प्रमोटर वापर, तर कुठला वापरू. अराबिडॉप्सिसमध्ये (प्रयोगशाळेत वापरतात ते मोहरीच्या कुळातलं छोटं झाड) करून मग भातात न्यायचंय.

प्रमोटरचं नाव लगेच सांगता येईल, पण त्याआधी तीन प्रश्न वेगळे करा. जीन कुठल्या पेशीत वाचला जातो, त्याचं प्रोटीन शेवटी कुठल्या पेशीत असतं, आणि ते कुठल्या पेशीत असणं झाडाला खरोखर लागतं. बहुतेक जण ही तीन उत्तरं एकच धरून चालतात आणि वर्षभरानं अडकतात. मुळामध्ये ही तिन्ही वेगवेगळी असू शकतात, आणि बऱ्याचदा असतातच.

आधी मूळ म्हणजे काय ते डोळ्यासमोर आणा. अराबिडॉप्सिसचं कोवळं मूळ आडवं कापलं तर बाहेरून आत एपिडर्मिस, कॉर्टेक्स, एंडोडर्मिस, पेरिसायकल असे थर लागतात, प्रत्येक थर फक्त एका पेशीच्या जाडीचा, आणि त्यांच्या आत झायलेम (पाणी वर नेणाऱ्या नळ्या), फ्लोएम (साखर नेणाऱ्या) आणि मधल्या पेशी. कॉर्टेक्समध्ये गोलाकार आठ पेशी, एंडोडर्मिसमध्ये आठ. इतकं आखीव असल्यामुळेच हे झाड या कामासाठी निवडलं गेलं. मग उभा छेद बघा, टोकाला रूट कॅप, त्याच्या आत क्विसंट सेंटरच्या, म्हणजे फारशा न विभागणाऱ्या, मोजक्या पेशी, वर विभाजनाचा भाग, मग लांबण्याचा, मग परिपक्व भाग जिथे रूट हेअर येतात आणि एंडोडर्मिसवर कॅस्पेरियन पट्टी (भित्तिकांमधून झिरपणारं अडवणारा पट्टा) बसते. म्हणजे पेशीचा पत्ता सांगायचा तर थर सांगावा लागतो, टोकापासून किती वर ते सांगावं लागतं, आणि त्या वेळी मूळ कशात वाढत होतं तेही सांगावं लागतं. 'मुळात व्यक्त होतो' एवढंच म्हटलं तर यातलं काहीच कळत नाही.

तुमच्या क्यूपीसीआरचं कोडं इथेच सुटतं. समजा तुमच्या जीनच्या एकूण १०० ट्रान्सक्रिप्टपैकी १० झायलेमजवळच्या पेशींतून येतात आणि ९० बाकीच्या मुळातून. मीठ दिल्यावर झायलेमजवळ तो दुप्पट झाला, १० चे २० झाले, बाकी तसंच राहिलं. एकूण झाले ११०. सीटीमध्ये, म्हणजे क्यूपीसीआरच्या सायकलच्या आकड्यात, हा फरक साधारण ०.१४ येतो, आणि आपल्या पिपेटिंगची चूकच त्याहून जास्त असते. दुप्पट झालेला बदल तुमच्या ग्राफमध्ये सपाट दिसणार. आणि एका थरात वाढला, दुसऱ्यात कमी झाला तर बेरीज शून्य. त्यामुळे 'फरक नाही' हा निकाल टाकून देऊ नका आणि त्यावर विश्वासही ठेवू नका, त्या प्रयोगातून एवढंच कळलं की सरासरी हलली नाही.

आता ३५एसचं. तुमच्यासारखीच परिस्थिती आधी एका ग्रुपनं व्यवस्थित मांडून दाखवली आहे आणि मला ते काम फार आवडतं कारण त्यात तर्क स्वच्छ आहे. एचकेटी१ हे अराबिडॉप्सिसमधलं सोडियम वाहणारं प्रोटीन. झायलेमच्या बाजूच्या पेशींत ते असलं की झायलेममधून वर चाललेला सोडियम ते बाहेर ओढून त्या पेशींत घेतं, म्हणजे पानांपर्यंत कमी पोचतो. मार्क टेस्टर यांच्या ग्रुपनं २००९ मध्ये हा जीन परिपक्व मुळाच्या फक्त स्टीलमध्ये, म्हणजे पेरिसायकल आणि त्याच्या आतल्या भागात वाढवला, तेव्हा वरच्या भागातला सोडियम ३७ ते ६४ टक्के कमी झाला. तोच जीन सगळीकडे चढवला तर वरचा सोडियम उलट वाढला आणि झाडं मिठाला जास्त नाजूक झाली. जीन तोच, प्रोटीन तेच, फक्त पेशी बदलली. ते प्रोटीन फक्त सोडियम पेशीच्या आत घेतं, मग बाहेरच्या थरात बसवलं तर मातीतला सोडियम आत घेणार आणि आतल्या थरात बसवलं तर झायलेममधला काढून घेणार. तुमच्या झाडांचं काय झालं असेल त्याचा पहिला अंदाज मी हाच धरेन. पिवळी पडली म्हणजे जीन निकामी आहे असं नाही, तो काम करतोय पण चुकीच्या दारात उभा राहून करतोय.

३५एसबद्दल आणखी एक, लोक त्याला 'सगळीकडे सारखा चालणारा' म्हणतात ते बरोबर नाही. १९९० च्या आसपास बेनफी आणि चुआ यांनी त्याचे तुकडे करून दाखवलं होतं की एक भाग प्रामुख्यानं मुळात चालतो, दुसरा वरच्या भागात, आणि दोन्ही मिळून आपल्याला तो व्यापक पॅटर्न दिसतो. त्यातला एन्हान्सर, म्हणजे जोर वाढवणारा भाग, शेजारच्या प्रमोटरवरही सांडतो. हे व्यवहारात फार महत्त्वाचं आहे. तुमच्या व्हेक्टरमध्ये (जीन झाडात नेणाऱ्या डीएनएमध्ये) सिलेक्शन मार्कर, म्हणजे जीन शिरलेली रोपं निवडायला ठेवलेला जीन, ३५एसवर असेल आणि त्याच्या शेजारी तुम्ही नाजूक, थरापुरता प्रमोटर ठेवलात तर तो प्रमोटर भलतीकडे चालू झालेला दिसू शकतो, आणि तुम्ही महिनाभर विचार करत बसता की माझा एंडोडर्मिसचा प्रमोटर कॉर्टेक्समध्ये कसा. मी स्वतः यात एकदा पूर्ण सीझन घालवलाय, सगळ्या लाइन्समध्ये तोच पसरट पॅटर्न येत होता म्हणून तो खरा वाटला, शेवटी मार्कर नॉस या दुसऱ्या प्रमोटरवर असलेला व्हेक्टर घेतला तेव्हा पॅटर्न एका थरात आला. क्लोनिंग सुरू करायच्या आधी व्हेक्टरचा नकाशा उघडून मार्कर कशावर आहे ते बघा.

तर तीन प्रश्न. हे नीट समजायचं असेल तर शॉर्ट-रूट आणि स्केअरक्रो या दोन जीन्सची गोष्ट माहीत असायलाच हवी. स्केअरक्रो बिघडलेल्या म्युटंटमध्ये कॉर्टेक्स आणि एंडोडर्मिसच्या जागी एकच थर येतो आणि त्यात दोन्हीचे गुण मिसळलेले असतात. शॉर्ट-रूट बिघडला तरी एकच थर, पण त्यात एंडोडर्मिसचे गुणच नसतात. म्हणजे एंडोडर्मिस बनायला शॉर्ट-रूट लागतो. मग तो एंडोडर्मिसमध्ये वाचला जात असणार ना? नाही. २००० साली दिसलं की त्याचा आरएनए आत स्टीलमध्ये आहे, एंडोडर्मिसमध्ये नाहीच. २००१ मध्ये नाकाजिमा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रोटीन स्टीलमध्ये बनतं आणि तिथून एक थर बाहेर सरकून एंडोडर्मिसमध्ये जातं. तिथे ते स्केअरक्रो चालू करतं, आणि स्केअरक्रोचं प्रोटीन त्याला केंद्रकात धरून ठेवतं, म्हणून ते पुढच्या थरात जात नाही आणि एंडोडर्मिस एकाच थराचा राहतो. हे धरून ठेवण्याचं काम २००७ मध्ये स्पष्ट झालं.

आणि गोष्ट इथे संपत नाही. एंडोडर्मिसमध्ये हे दोघं मिळून मायक्रोआरएनए १६५ आणि १६६ चालू करतात, ते परत आत स्टीलकडे जातात आणि फॅब्युलोसा नावाच्या जीनचा आरएनए कडेच्या भागात तोडतात, त्यामुळे कडेला एका प्रकारचं झायलेम आणि मध्ये दुसऱ्या प्रकारचं असं ठरतं. २०१० चं काम आहे हे. म्हणजे आतून बाहेर प्रोटीन गेलं, बाहेरून आत मायक्रोआरएनए आला. फॅब्युलोसाचा नुसता प्रमोटर घेऊन जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) लावला असता तर तो पॅटर्न दाखवला असता पण प्रोटीन कुठे टिकतं ते कधीच कळलं नसतं, कारण छाटणी नंतर होते.

नाकाजिमांच्या २००१ च्या कामातला एक प्रयोग प्रमोटर निवडताना कायम लक्षात ठेवा. शॉर्ट-रूटचं प्रोटीन स्केअरक्रोच्या प्रमोटरवर ठेवलं तेव्हा एंडोडर्मिससारखे थर एकावर एक वाढत गेले. कारण सरळ आहे, शॉर्ट-रूट स्केअरक्रोचा प्रमोटर चालू करतो, तो प्रमोटर आणखी शॉर्ट-रूट बनवतो, तो पुढच्या थरात सरकतो, तिथे परत तेच. तुम्ही निवडलेल्या प्रमोटरवर तुमच्याच जीनचा परिणाम होत असेल तर 'त्या पेशीपुरता' हे वचन मोडतं. ट्रान्सपोर्टरच्या बाबतीत इतका थेट धोका नसतो, पण आयनचं प्रमाण बदललं की हार्मोन बदलतात आणि हार्मोन बदलले की बरेच प्रमोटर बदलतात, त्यामुळे तपासणी करायचीच.

पेशीला आपण कोण हे कळतं ते बऱ्याच अंशी शेजाऱ्यांवरून. १९९५ च्या प्रयोगांत लेझरनं मुळातली एखादी पेशी मारली तर शेजारच्या थरातली पेशी त्या रिकाम्या जागेत शिरायची आणि नव्या जागेप्रमाणे वागायला लागायची, वंश जुना पण काम नव्या जागेचं. एपिडर्मिसमध्ये हेच रोजच्या रोज दिसतं. ज्या पेशीच्या खाली कॉर्टेक्सच्या दोन पेशींमधली फट येते ती रूट हेअरची पेशी होते, जी एकाच कॉर्टेक्स पेशीवर बसते ती बिनकेसाची राहते आणि तिच्यात ग्लॅब्रा२ चालू असतो. म्हणजे 'एपिडर्मिस' हाही एक टिश्यू नाही, आळीपाळीच्या पट्ट्या आहेत. तुमचा ट्रान्सपोर्टर केसांच्या पेशींत आहे की बिनकेसाच्या, हे आडव्या छेदाशिवाय कळणार नाही.

आता बघायचं कसं. पहिलं काम फुकटचं आहे, आधीच केलेले नकाशे बघा. बर्नबॉम, बेनफी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये वेगवेगळ्या थरांत जीएफपी असलेल्या लाइन्स घेतल्या, मुळांच्या पेशीभित्तिका एन्झाइमनं विरघळवल्या, मोकळ्या पेशी सॉर्टरमधून गाळून फक्त चमकणाऱ्या वेगळ्या केल्या आणि मायक्रोअ‍ॅरेवर २२ हजारांहून जास्त जीन्स मोजले. २००७ मध्ये तोच नकाशा आणखी बारीक झाला, जास्त थर आणि टोकापासून वरपर्यंतचे तुकडे. २०१९ मध्ये एकाच वर्षात अनेक ग्रुप्सनी एकेका पेशीचं आरएनए सीक्वेन्सिंग मुळावर केलं, आणि आता लाखाच्या वर पेशींचा अ‍ॅटलस उपलब्ध आहे. टोरांटो विद्यापीठाच्या ईएफपी ब्राउझरवर तुमच्या जीनचा नंबर टाकलात की मुळाचं रंगीत चित्र येतं, पाच मिनिटांचं काम.

पण त्या चित्रावर थांबू नका. भित्तिका विरघळवायला तासभर वगैरे जातो आणि तेवढ्या वेळात पेशीला जखम झाल्यासारखं वाटून बरेच जीन्स चालू होतात. म्हणून चांगल्या अभ्यासांत अख्खं मूळ एन्झाइमसह आणि एन्झाइमशिवाय ठेवून अशा जीन्सची यादी वेगळी केलेली असते, तुमचा जीन त्या यादीत आहे का ते शोधा. दुसरं, ज्या पेशींवर सुबेरिन (मेणासारखा, पाणी अडवणारा पदार्थ) चढलंय किंवा भित्तिका जाड झाल्यात त्या सुट्या होतच नाहीत धड, म्हणजे जुना एंडोडर्मिस आणि पक्वं झायलेम या नकाशांत कमी पडतात. तुमचा ट्रान्सपोर्टर नेमका परिपक्व भागात लागत असेल तर नकाशातलं 'शून्य' म्हणजे शून्य नव्हे. क्विसंट सेंटरसारख्या दुर्मिळ पेशींचंही तसंच, क्लस्टरमध्ये मूठभर पेशी आल्या तर आकड्यांवर फार भार टाकू नये. भित्तिका न तोडता काम करायच्या पद्धती आहेत, ठरावीक पेशींच्या केंद्रकांवर बायोटिन लावून मण्यांनी, म्हणजे बीड्सनी, ती ओढून काढायची, किंवा ठरावीक पेशींच्या रायबोसोमला टॅग लावून त्यावर बसलेला आरएनए काढायचा. रायबोसोमवाली पद्धत मला मिठाच्या किंवा ऑक्सिजन कमी असण्याच्या प्रयोगांत जास्त आवडते, कारण झाड जसं आहे तसं क्षणात गोठवता येतं आणि नंतर निवांत काम करता येतं.

मग स्वतःचा रिपोर्टर, म्हणजे तुमच्या जीनच्या प्रमोटरवर ठेवलेलं चमकणारं प्रोटीन, बांधा. हे टाळू नका, दुसऱ्याचा नकाशा तुमच्या प्लेटचा नसतो. जीनच्या आधीचा, म्हणजे वरचा, साधारण २ ते ३ केबी (हजार बेस) भाग घ्या, शेजारचा जीन आधी लागत असेल तर तिथपर्यंत. अराबिडॉप्सिसच्या मुळातल्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर्सवर (दुसरे जीन चालू-बंद करणाऱ्या प्रोटीन्सवर) झालेल्या एका पद्धतशीर कामात साधारण ८० टक्के जीन्सचा पॅटर्न वरच्या भागानंच जमला होता, याचा अर्थ उरलेल्यांचा जमला नव्हता. तुमचा पॅटर्न नकाशाशी जुळला नाही तर पहिला संशय इंट्रॉनवर (जीनमधल्या, प्रोटीनमध्ये न येणाऱ्या तुकड्यावर) घ्या, विशेषतः पहिल्या, आणि मग खालच्या भागावर. प्रोटीनसकट फ्यूजन करून ते म्युटंटमध्ये टाका, म्युटंट बरा झाला तर तो पॅटर्न विश्वासाचा.

जीएफपी कुठला घेताय ते फार महत्त्वाचं. साधा मोकळा जीएफपी साधारण २७ किलोडाल्टनचा, मुळाच्या टोकात तो प्लाझ्मोडेस्मामधून, म्हणजे पेशी-पेशींना जोडणाऱ्या बारीक छिद्रांतून, शेजारी झिरपतो. याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे फ्लोएमच्या कंपॅनियन पेशींचा सुक२ प्रमोटर, त्यावर मोकळा जीएफपी लावला तर तो फ्लोएममधून वाहत येऊन टोकाला सगळ्या थरांत पसरलेला दिसतो, आणि ज्याला माहीत नाही तो म्हणेल हा जीन सगळ्या टोकात आहे. म्हणून केंद्रकात जाणारा तिहेरी व्हीनस (पिवळं चमकणारं प्रोटीन, तीन एकत्र जोडलेली) घ्या किंवा ईआरमध्ये, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात, अडकवलेला जीएफपी घ्या. केंद्रकाचा सिग्नल मोजायलाही सोपा जातो, ठिपके मोजायचे. एकच लक्षात ठेवा, हे रिपोर्टर बराच काळ टिकतात, पेशी वर सरकली, जीन बंद झाला तरी चमक राहते, म्हणजे चमक दिसते तिथे जीन आत्ता चालू आहे असं नाही, कधीतरी चालू होता एवढंच.

गसबद्दल, म्हणजे निळा रंग देणाऱ्या एन्झाइमच्या रिपोर्टरबद्दल, दोन शब्द, कारण अजूनही बरेच जण तेच वापरतात आणि काही कामांना ते चांगलंच आहे, १९८७ पासून चालत आलेली स्वस्त आणि फार संवेदनशील पद्धत. पण निळा रंग तयार होताना मधला पदार्थ पाझरतो, त्यामुळे फेरी आणि फेरोसायनाइड दोन्ही घाला, आणि रात्रभर ३७ अंशावर ठेवून सकाळी सगळं निळं झालेलं मूळ बघून निष्कर्ष काढू नका. अर्धा तास, एक तास, दोन तास असे वेगवेगळे थांबवा. थर ओळखायचा असेल तर छेद घ्या, वरून बघून एंडोडर्मिस आणि पेरिसायकल वेगळे सांगता येत नाहीत, मलाही नाही.

कॉन्फोकलवर भित्तिका दाखवायला प्रोपिडियम आयोडाइड वापराल. तो जिवंत पेशीच्या आत जात नाही, भित्तिकेतून आत झिरपतो, आणि कॅस्पेरियन पट्टी बनली की एंडोडर्मिसपाशी अडतो. म्हणजे परिपक्व भागात आतलं काही रंगणारच नाही, आणि तुमचा ट्रान्सपोर्टर तिथेच आहे. त्या भागासाठी मुळं पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये फिक्स करून क्लिअरसीमध्ये पारदर्शक करा आणि कॅल्कोफ्लोरनं भित्तिका दाखवा, जीएफपी टिकतो. लिग्निन आणि सुबेरिन स्वतः चमकतात, त्यामुळे बिनरिपोर्टरचं रोप त्याच सेटिंगवर बघितल्याशिवाय झायलेममधला अंधुक सिग्नल मानू नका.

मिठाच्या प्रयोगात एक सापळा खास आहे आणि तो फार लोकांना अडकवतो. मिठानं मूळ कमी लांबतं, म्हणजे परिपक्व भाग टोकाच्या जवळ येतो. तुम्ही दोन्ही प्लेटमध्ये टोकापासून २ मिलिमीटरवर फोटो काढलात तर कंट्रोलमध्ये तुम्ही कोवळी पेशी बघताय आणि मिठात म्हातारी. मग जो जीन फक्त वयानुसार चालू होतो तो 'मिठानं वाढला' असा दिसेल. मिलिमीटर मोजू नका, पेशी मोजा, लांबायला लागलेल्या पहिल्या पेशीपासून वर कितवी, किंवा पहिला केस कुठे आला तिथून. शिवाय मिठात सुबेरिन जास्त आणि लवकर चढतं, रंग आत जाण्यावर त्याचाही परिणाम होतो. आणि प्लेटमध्ये मुळांवर प्रकाश पडतोय, माध्यमात साखर आहे, हे दोन्ही मुळातले बरेच जीन्स हलवतात, तेव्हा निदान सगळ्या प्लेट्स सारख्या तरी ठेवा.

आता प्रमोटर. स्केअरक्रोचा लोक एंडोडर्मिसचा म्हणून घेतात, तो चांगला आहे पण क्विसंट सेंटरमध्येही चालतो आणि वरच्या भागातही चालतो, खोडातल्या एंडोडर्मिसमध्ये, म्हणून पानाखोडात काही दिसलं तर ते मुळामुळेच असं म्हणता येत नाही. कॅस्प१ चा एंडोडर्मिसचाच, पण पट्टी बनायच्या सुमाराला चालू होतो, कोवळ्या भागात नाही. या फरकाचा सुंदर उपयोग २०१४ मध्ये झाला, कॅस्प१ च्या प्रमोटरवर ऑक्झिन या हार्मोनचा सिग्नल अडवणारं प्रोटीन ठेवलं, म्हणजे फक्त पक्व एंडोडर्मिस ऑक्झिनला बहिरा झाला, आणि बाजूची मुळं फुटणंच बंद पडलं, कारण आतून येणाऱ्या नव्या मुळाला वाट द्यायला एंडोडर्मिसच्या पेशी आक्रसाव्या लागतात. स्केअरक्रोचा प्रमोटर घेतला असता तर टोकापासूनच सगळं ढवळलं असतं आणि हे इतकं स्वच्छ दिसलं नसतं. कॉर्टेक्ससाठी सीओ२ (हे प्रमोटरचं नाव, कार्बन डायॉक्साइड नव्हे) आहे पण तो कोवळ्या भागापुरता, वर विझतो. वेअरवुल्फचा एपिडर्मिस आणि बाजूच्या रूट कॅपमध्ये, केसांच्या पेशींसाठी कोब्रा-लाइक९ किंवा एक्स्पान्सिन७, क्विसंट सेंटरसाठी वॉक्स५, स्टीलसाठी शॉर्ट-रूटचा.

तुमच्या कामाला यातला एकही नीट बसत नाही असं माझं मत आहे. तुम्हाला हवाय परिपक्व मुळाचा झायलेमलगतचा भाग, आणि शॉर्ट-रूटचा प्रमोटर कोवळ्या स्टीलमध्ये जोरात असतो जिथे अजून झायलेममधून काही वाहतच नाही. मी तुमच्या जागी एन्हान्सर ट्रॅपच्या लाइन्सकडे जाईन. केंब्रिजमध्ये जिम हेझलॉफ यांच्या ग्रुपनं गॅल४ (यीस्टमधलं, जीन चालू करणारं प्रोटीन) आणि जीएफपी असलेल्या लाइन्सचा संग्रह केला, प्रत्येक लाइनमध्ये गॅल४ वेगळ्या थरात आणि चमकही तिथेच. तुमचा जीन यूएएसच्या, म्हणजे गॅल४ जिथे बसतं त्या डीएनए तुकड्याच्या, मागे लावायचा आणि त्या लाइनमध्ये टाकायचा. वर सांगितलेलं एचकेटी१ चं काम याच लाइन्सवर झालं होतं. यात फायदा हा की जीन ज्या पेशीत चढतोय ती त्याच रोपात चमकताना दिसते. तोटा हा की यूएएस काही पिढ्यांत गप्प होऊ शकतो, म्हणून प्रत्येक पिढीत क्यूपीसीआर करून बघत राहा. दुसरा पर्याय इस्ट्राडायॉलनं (बाहेरून द्यायच्या एका हार्मोननं) चालू होणारी व्यवस्था, त्यानं रोप नीट वाढवून मग जीन चालू करता येतो, आणि ट्रान्सपोर्टरसारख्या गोष्टीत 'आधीपासून बिघडलेलं मूळ' आणि 'आत्ता झालेला परिणाम' वेगळे काढायला याच्याइतकं उपयोगी काही नाही.

तिसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे कुठे लागतो त्यासाठी, वरचे कुठलेही फोटो चालणार नाहीत. त्याला म्युटंट घेऊन एकेका थरात जीन परत द्यावा लागतो आणि कुठल्या थरात दिला की झाड सुधारतं ते बघावं लागतं. उलट बाजूनं क्रिस्परचं कॅस९ ठरावीक प्रमोटरवर ठेवून फक्त त्या पेशींत जीन तोडता येतो, २०१९ मध्ये रूट कॅपच्या सोम्ब्रेरो प्रमोटरवर हे छान करून दाखवलंय. यात एक खोच आहे, जीन तुटला तरी आधी बनलेलं प्रोटीन आणि आरएनए काही काळ राहतात, म्हणून प्रमोटर त्या थरात लवकर चालू होणारा हवा, म्हाताऱ्या पेशीत चालू होणारा घेतला तर जीन तुटेल पण परिणाम दिसणार नाही.

लाइन्स किती? निदान दहा-बारा स्वतंत्र, कारण टी-डीएनए, म्हणजे व्हेक्टरचा झाडात शिरलेला तुकडा, कुठे जाऊन बसला त्यावर पॅटर्न बदलतो. टी२ मध्ये, म्हणजे पुढच्या पिढीत, मार्कर असलेली आणि नसलेली रोपं तीनास एक येणाऱ्या लाइन्स निवडा आणि बहुतेक लाइन्समध्ये सारखा असलेला पॅटर्न खरा माना, सगळ्यात जास्त चमकणारी एक लाइन निवडून तिचाच फोटो लावू नका.

भाताबद्दल. अराबिडॉप्सिसचा प्रमोटर भातात तसाच चालेल असं धरू नका. भाताच्या मुळात कॉर्टेक्सचे अनेक थर आहेत, बाहेरच्या बाजूला एक्झोडर्मिस आणि जाड भित्तिकांचा थर आहे, जे अराबिडॉप्सिसच्या कोवळ्या मुळात नाहीतच, आणि हवेच्या पोकळ्या पडतात. 'कॉर्टेक्सचा प्रमोटर' म्हटलं तर कितव्या कॉर्टेक्सचा हा प्रश्न येतो. शॉर्ट-रूटचं प्रोटीनही सगळीकडे एकच थर सरकत नाही, मक्यात ते पुढच्या थरांत जातं आणि कॉर्टेक्सचे थर वाढण्याशी त्याचा संबंध २०२१ मध्ये दाखवला गेला. त्यामुळे भातात भाताचाच प्रमोटर. आरसीसी३ हा भाताचा मुळातला प्रमोटर चांगला तपासलेला आहे. २०१० मध्ये त्यावर ओएसनॅक१० ठेवून तीन वर्षं शेतात चाचण्या झाल्या, दुष्काळात कंट्रोलपेक्षा २५ ते ४२ टक्के जास्त दाणा आला, मूळ सव्वापट जाड झालं, आणि तोच जीन सगळीकडे चालणाऱ्या जीओएस२ वर ठेवला तर उत्पादन कंट्रोलइतकंच राहिलं. पण तो एक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर होता आणि आरसीसी३ एका थरापुरता नाही. तुमच्या ट्रान्सपोर्टरला तो लावलात तर बाहेरच्या थरांतही जाईल आणि ३५एसवाली अडचण पुन्हा मुळापुरती उभी राहील.

वेळ कमी असेल तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात ब्राउझरवर जीन बघा आणि व्हेक्टरचा नकाशा तपासा. मग तुमच्या जीनच्या स्वतःच्या प्रमोटरवर केंद्रकातला तिहेरी व्हीनस, मीठ आणि बिनमीठ, पेशी मोजून. तोपर्यंत म्युटंटच्या बिया मागवून ठेवा. आणि ३५एसची झाडं फेकू नका, त्यांच्या मुळातला, झायलेमच्या रसातला आणि पानातला सोडियम वेगवेगळा मोजा. मुळात आणि पानात दोन्हीकडे वाढलेला निघाला तर बाहेरच्या थरांतून जास्त आत येतोय, मुळात कमी आणि पानात जास्त निघाला तर प्रकार वेगळा आहे, तेव्हा आकडे इथे टाका, मी बघतो.